जर्मनीत फी नाही, मग बारा लाख कशाचे?

मागच्या दिवाळीत एका परिचितांच्या घरी जेवणाच्या टेबलावर एक कागद पाहिला. त्यांचा मुलगा सांगलीहून मेकॅनिकलची पदवी घेऊन नुकताच बाहेर पडला होता आणि जर्मनीत मास्टर्सला जायचे त्याच्या मनात होते. कागदावर त्याने हाताने दोन रकाने आखले होते. पहिल्या ओळीत ‘ट्यूशन फी : ०’ असे लिहून त्याखाली दोन ठसठशीत रेघा मारल्या होत्या. तिसऱ्या ओळीत ‘११,९०४ युरो’ असा आकडा होता आणि त्यापुढे वडिलांच्या अक्षरात, वेगळ्या शाईने, एकच शब्द होता : ‘कशाचे?’

हा प्रश्न सध्या बऱ्याच घरांत विचारला जात आहे. अमेरिकेने २०२५ च्या उन्हाळ्यात विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबवल्या आणि सप्टेंबरमध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले. कॅनडाने २०२४ पासून विद्यार्थी परवान्यांच्या संख्येवर मर्यादा घातली. त्यामुळे ‘स्वस्तात परदेशी शिक्षण’ म्हटले की जर्मनीचे नाव प्रथम येऊ लागले आहे. तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांत २०२२-२३ मध्ये भारतीयांनी चिनी विद्यार्थ्यांना मागे टाकले, आणि २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात भारतीयांची संख्या ४९ हजारांच्या घरात होती. मात्र फी आणि खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जर्मनीच्या बाबतीत त्यांची गल्लत फार होते. खालच्या हिशेबात सोयीसाठी एक युरो म्हणजे १०० रुपये धरला आहे.

फी नाही, म्हणजे नेमके काय नाही?

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजण्यासाठी अनुदानित आणि विनाअनुदानित महाविद्यालयांतला फरक आठवला तरी पुरे. अनुदानित महाविद्यालयात प्राध्यापकांचा पगार शासन देते, म्हणून विद्यार्थ्याची फी नाममात्र राहते. विनाअनुदानित महाविद्यालयात तोच पगार विद्यार्थ्याच्या फीमधून निघतो. शिकवण्याचा खर्च दोन्हीकडे होतोच, तो कोण भरतो एवढाच फरक. जर्मनीतील सरकारी विद्यापीठे ही पूर्णपणे अनुदानित संस्थांसारखी आहेत. देशातील १६ राज्ये आपापली विद्यापीठे करांच्या पैशांतून चालवतात आणि पदवी तसेच बहुतेक मास्टर्स अभ्यासक्रमांना शिकवणीची फी घेत नाहीत. ही सवलत बहुतेक राज्यांत परदेशी विद्यार्थ्यांनाही तशीच लागू आहे.

तरी प्रत्येक सत्राला काही रक्कम भरावीच लागते. तिला सेमिस्टर शुल्क म्हणतात आणि ती विद्यापीठानुसार साधारण १०० ते ३५० युरो असते. ही शिकवणीची फी नव्हे. तिच्यातून वसतिगृहे आणि खानावळी चालवणारी विद्यार्थी सेवा संस्था, विद्यार्थी परिषद आणि बहुतेक ठिकाणी प्रवासाचा पास यांचा खर्च भागतो. हा पास किरकोळ गोष्ट नव्हे. अनेक विद्यापीठांत आता देशभर चालणारे ‘डॉइचलँड तिकीट’ विद्यार्थ्यांना मूळ किमतीच्या ६० टक्क्यांत मिळते आणि त्यावर शहरातील बस, ट्राम व देशभरच्या प्रादेशिक रेल्वेगाड्यांनी फिरता येते. अतिवेगवान गाड्या त्यात येत नाहीत, हे पहिल्या सहलीत दंड भरल्यावर अनेकांच्या लक्षात येते.

त्यांच्या करदात्यांना हे चालते कसे?

ही शंका रास्त आहे, आणि जर्मनांनाही ती पडलेली आहे. पश्चिम जर्मनीत १९७० च्या सुमारास फी बंद झाली. पुढे जानेवारी २००५ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने राज्यांना फी लावण्यापासून केंद्र सरकार रोखू शकत नाही, असा निकाल दिला आणि सात राज्यांनी सत्राला ५०० युरोपर्यंत फी सुरू केली. लोकांना ती रुचली नाही. हेसनने २००८ मध्ये ती मागे घेतली. बव्हेरियात २०१३ मध्ये दहा टक्क्यांहून अधिक मतदारांनी फीविरोधी मागणीवर सह्या केल्या आणि सरकारला माघार घ्यावी लागली. शेवटचे राज्य लोअर सॅक्सनी, तिथे २०१४ मध्ये फी संपली. म्हणजे आज दिसणारी शून्य फी ही कोणा परदेशी विद्यार्थ्यावरची मेहेरबानी नसून त्यांच्याच राजकारणातून निघालेला निर्णय आहे आणि तुम्हांला तिचा लाभ शेजारच्या शेतात सोडलेल्या पाटाच्या पाण्यासारखा मिळतो. पाट कोणीही वळवू शकतो, हे मात्र विसरू नये.

आणि तो काही ठिकाणी वळला आहे. स्टुटगार्ट, कार्ल्सरुहे, हायडेलबर्ग ज्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात आहेत, त्याने २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो फी लावली. बव्हेरियाने कायदा बदलून विद्यापीठांना अशी फी घेण्याची मुभा दिली आणि म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून ती घेण्यास सुरुवात केली : पदवीला सत्रामागे २,००० ते ३,००० आणि मास्टर्सला ४,००० ते ६,००० युरो. वरच्या दराने चार सत्रांचे मास्टर्स केले तर २४,००० युरो, म्हणजे २४ लाख रुपये फक्त फी होते. तरीही ‘जर्मनीत सगळे फुकट’ असे सांगणारे व्हिडिओ याच विद्यापीठाच्या इमारतीचे छायाचित्र लावून फिरत असतात.

इथे गोव्याच्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. ही वेगळी फी पारपत्रावर ठरते. ज्या गोवेकरांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतले आहे ते युरोपीय संघाचे नागरिक ठरतात, त्यामुळे त्यांना ती लागू होत नाही, आणि पुढे सांगितलेल्या व्हिसाच्या भानगडीही त्यांच्या वाट्याला येत नाहीत.

मग ते बारा लाख कशाचे?

उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरण्याची आपल्याकडची पद्धत डोळ्यांसमोर आणा. गहू, ज्वारी, तांदूळ एकदम विकत घेऊन कणगीत भरायचे आणि दर महिन्याला ठरलेल्या मापाने काढायचे. धान्य तुमचेच, फक्त ते आधी भरलेले असावे आणि एका महिन्यात संपवता येऊ नये. जर्मनीचे ‘ब्लॉक्ड अकाउंट’ म्हणजे नेमकी ही कणगी आहे. व्हिसापूर्वी विद्यार्थ्याने स्वतःच्या नावाच्या खात्यात ११,९०४ युरो भरायचे. जर्मनीत पोहोचल्यावर त्यातून दर महिन्याला ९९२ युरो त्याच्या चालू खात्यात येतात. बारा महिन्यांत खाते रिकामे होते. व्हिसा नाकारला गेला तर रक्कम परत मिळते, खाते चालवणाऱ्या कंपनीचे थोडे सेवाशुल्क तेवढे जाते. थोडक्यात, हे पैसे विद्यापीठाला मिळत नाहीत आणि सरकारलाही मिळत नाहीत. ते विद्यार्थ्याचे घरभाडे, जेवण आणि विमा आहेत.

९९२ हा आकडा कुठून आला, हेही पाहण्यासारखे आहे. जर्मनीत गरजू स्थानिक विद्यार्थ्यांना सरकार जी शिक्षण-मदत देते, तिची कमाल मासिक रक्कम २०२४ च्या हिवाळी सत्रापासून ९९२ युरो आहे. म्हणजे काटकसरीने राहणाऱ्या त्यांच्या विद्यार्थ्याला जास्तीत जास्त जेवढे लागेल असे सरकार मानते, तेवढे तुमच्याकडे आहे का, हे ते पाहतात. ती मदत वाढली की व्हिसाची अटही वाढते. काही वर्षांपूर्वी हीच रक्कम ८,६४० युरो होती. नंतर ती १०,३३२, मग ११,२०८ आणि आता ११,९०४ झाली. दोन-तीन वर्षांनी जाण्याचा विचार असलेल्यांनी आजच्या आकड्यावर विसंबून राहू नये.

भारतातून पैसे पाठवताना आणखी एक अडचण येते. परदेशी पाठवलेली रक्कम एका आर्थिक वर्षात एका व्यक्तीच्या नावे १० लाखांपुढे गेली की बँक त्यावर टीसीएस, म्हणजे उगमाशी वसूल केलेला कर, कापते. ११,९०४ युरो नेमके या रेषेच्या थोडे पुढे जातात. हा कर बुडत नाही, विवरणपत्र भरताना तो आपल्या आयकरात वळता होतो किंवा परत मिळतो. पण ऐन धावपळीत काही रक्कम अडकून पडते. मान्यताप्राप्त बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशांवर तो कापला जात नाही. मर्यादा प्रत्येक पाठवणाऱ्यासाठी स्वतंत्र असल्यामुळे आई आणि वडील अशा दोघांनी रक्कम वाटून पाठवली तरी मार्ग निघतो.

महिन्याला ९९२ युरोंत भागते का?

शहरावर अवलंबून आहे, आणि त्याहून अधिक खोलीवर. आखेन किंवा केम्नित्ससारख्या शहरात विद्यार्थी वसतिगृहाची खोली मिळाली तर ती साधारण २५० ते ४०० युरोंत बसते. म्युनिकमध्ये खासगी घरातील एका खोलीला ७००–८०० युरोही पडतात. आरोग्य विमा सक्तीचा आहे. तिशीच्या आतील विद्यार्थ्यांसाठी सरकारी विम्याचा हप्ता सध्या महिन्याला १४० ते १५० युरोंच्या आसपास आहे. तिशी उलटली की हा विद्यार्थी दर मिळत नाही, म्हणून नोकरी करून उशिरा शिकायला जाणाऱ्यांनी ही वयाची अट आधी पाहावी. स्वतः स्वयंपाक करणाऱ्याचे किराणा सामान २०० युरोंच्या आसपास भागते. म्हणजे आखेनमध्ये ३२० भाडे, १४५ विमा, २०० जेवण, सेमिस्टर शुल्काचा महिन्याचा वाटा ५५ आणि फोन, कपडे, पुस्तके वगैरे १०० धरले तर ८२० युरो होतात. म्युनिकमध्ये हेच १,२०० च्या वर जाते आणि कणगीतील माप अपुरे पडते.

अनेकांच्या हिशेबात न बसणाऱ्या दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे घराची अनामत. कायद्याने ती मूळ भाड्याच्या तिप्पटीपर्यंत घेता येते. पहिल्या महिन्यात कणगीतून एकच माप निघणार असते आणि त्याच महिन्यात भाडे, अनामत, अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी हे सगळे घ्यायचे असते. तेव्हा ब्लॉक्ड अकाउंटखेरीज दीड-दोन हजार युरो हाताशी ठेवणे शहाणपणाचे. दुसरी गोष्ट गमतीची वाटेल : नभोवाणी शुल्क. घरात रेडिओ किंवा टीव्ही असो वा नसो, प्रत्येक घरामागे महिन्याला १८.३६ युरो सार्वजनिक प्रसारण संस्थांसाठी द्यावे लागतात. पत्ता नोंदवल्यावर काही आठवड्यांनी टपालपेटीत तसे पत्र येते. नवे विद्यार्थी ते जाहिरात समजून केराच्या टोपलीत टाकतात आणि काही महिन्यांनी थकबाकीसह दुसरे पत्र येते. एका घरात चौघे राहत असतील तर शुल्क एकच भरायचे असते. ते चौघांत वाटून घेतात.

नोकरी करून खर्च निघणार नाही का?

काही प्रमाणात निघतो. मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. आधी ही मर्यादा १२० आणि २४० होती. किमान वेतन जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० युरो आहे. आठवड्याला दहा तास काम केले तर महिन्याला सुमारे ६०० युरो हाती येतात आणि एवढ्या कमाईला तिथे ‘मिनिजॉब’ म्हणून करांत व वर्गण्यांत बरीच सूट आहे. कागदावर हा हिशेब छान दिसतो.

प्रत्यक्षात पहिल्या सत्रात काम मिळेलच असे नाही. उपाहारगृहात, दुकानात किंवा गोदामात निदान मोडकी जर्मन लागते. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला कंपनीत ‘वेर्कश्टुडेंट’ म्हणून, म्हणजे शिकता शिकता आपल्याच विषयातले काम करणारा म्हणून, आठवड्याला २० तासांपर्यंत चांगल्या वेतनावर घेतात, पण त्यासाठी एक-दोन सत्रांचे गुण दाखवावे लागतात. शिवाय व्हिसा अधिकारी भविष्यातली नोकरी हा पैशांचा पुरावा मानत नाहीत. म्हणून पहिले वर्ष घरच्या किंवा कर्जाच्या पैशांवर आणि दुसरे वर्ष अंशतः स्वतःच्या कमाईवर, असा विचार करणे मला योग्य वाटते. एक वर्षानंतर राहण्याचा परवाना नव्याने घेताना पुढील काळाच्या खर्चाची सोय पुन्हा दाखवावी लागते, हेही घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. बारा लाखांचा प्रश्न एकदाच येतो असे समजणाऱ्या घरांत दुसऱ्या वर्षी मोठी धावपळ होते.

फुकटचे म्हणजे हलके, असे तर नाही?

आपल्याकडे याच्या नेमके उलटे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. कमी फीच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेशासाठी झुंबड उडते आणि भरमसाट फीच्या अनेक खासगी महाविद्यालयांतील जागा रिकाम्या राहतात. जर्मनीतही तसेच आहे. तिथल्या समाजात मान सरकारी विद्यापीठांना आहे. त्यांत दोन प्रकार येतात : संशोधनावर भर असलेली विद्यापीठे आणि उद्योगांशी जोडलेली ‘होखशूल’ या नावाने ओळखली जाणारी उपयोजित शास्त्रांची विद्यापीठे. दुसऱ्या प्रकारात प्राध्यापकाने बाहेर उद्योगात काही वर्षे काम केलेले असावे लागते. पुढे संशोधन करायचे नसून कारखान्यात जायचे असेल, तर हा प्रकार कमी दर्जाचा समजण्याचे काही कारण नाही.

तिसरा प्रकार खासगी विद्यापीठांचा. ती मान्यताप्राप्त असू शकतात, पण त्यांची फी वर्षाला लाखोंत असते आणि ‘जर्मनीत शिक्षण’ या नावाखाली भारतात जोरात विकली जातात ती बहुधा हीच. कारण सरळ आहे. खासगी संस्था प्रवेशामागे मध्यस्थाला कमिशन देतात. सरकारी विद्यापीठे सर्वसाधारणपणे देत नाहीत. सल्ला फुकट असेल तर सल्लागाराचा पगार कुठून येतो, हे विचारायला संकोच करू नये. त्या सांगलीच्या मुलाने आधी एका सल्ला केंद्रात जाऊन आणलेल्या यादीतील पाचही नावे खासगी विद्यापीठांची होती आणि ‘आज पैसे भरले तर सवलत’ अशी सूचना तळाशी होती. सरकारी विद्यापीठाचा अर्ज विद्यार्थ्याला स्वतः भरता येतो. अनेक विद्यापीठांसाठी ‘युनी-असिस्ट’ नावाची संस्था कागद तपासते; पहिल्या अर्जाला ७५ आणि त्याच सत्रातील पुढच्या प्रत्येक अर्जाला ३० युरो घेते. अभ्यासक्रम शोधण्यासाठी जर्मन शैक्षणिक विनिमय सेवेचे, म्हणजे डाडचे, संकेतस्थळ मोफत आहे.

प्रवेश कोणाला मिळतो?

फी नसली तरी चाळणी आहे. तिचा पहिला पडदा म्हणजे गुणांचे रूपांतर. जर्मनीत १.० हे सर्वोत्तम आणि ४.० हे जेमतेम उत्तीर्ण. आपले गुण त्यांच्या मापात बदलण्यासाठी ‘बव्हेरियन सूत्र’ वापरतात : कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि उत्तीर्णतेच्या किमान गुणांतील फरकाने भागायचे, तीनने गुणायचे आणि एक मिळवायचा. दहापैकी ७ सीजीपीए असेल आणि विद्यापीठात उत्तीर्ण होण्यासाठी ४ लागत असतील, तर उत्तर २.५ येते आणि अनेक अभ्यासक्रमांची रेषा तिथेच असते. मात्र तेच ७ गुण असून उत्तीर्णतेची रेषा ५ असेल तर उत्तर २.८ येते आणि विद्यार्थी बाहेर राहतो. त्यामुळे गुणपत्रिकेच्या मागे बारीक अक्षरांत छापलेला उत्तीर्णतेचा नियम इथे एकाएकी महत्त्वाचा होतो. तो स्पष्ट नसेल तर विद्यापीठाकडून तसे पत्र घ्यावे.

दुसरा पडदा विषयाचा. बहुतेक मोफत मास्टर्स अभ्यासक्रम हे आधीच्या पदवीला जोडून असतात. मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला डेटा सायन्सला जायचे असेल तर गणिताचे आणि संगणकाचे किती क्रेडिट झाले, हे ओळीओळीने मोजले जाते. तीन वर्षांची पदवी असलेल्यांनाही हाच मुद्दा आडवा येतो : काही ठिकाणी ती चालते, काही ठिकाणी कमी भरते. बारावीनंतर थेट जाणे आणखी अवघड आहे. त्यासाठी भारतात विद्यापीठाचे एक वर्ष यशस्वीपणे पूर्ण करून त्याच विषयात जाणे, जेईई अॅडव्हान्स्ड उत्तीर्ण असणे किंवा जर्मनीत ‘श्टुडिएनकोलेग’ हा वर्षभराचा पूर्वतयारी अभ्यासक्रम करणे, असे मार्ग आहेत. पदवी बहुतांशी जर्मन भाषेतच शिकवली जाते, हे तर वेगळेच.

तिसरी गोष्ट एपीएस प्रमाणपत्र. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका खऱ्या आहेत का, हे दिल्लीतील एक कार्यालय तपासते आणि त्याचे १८,००० रुपये घेते. त्याशिवाय व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही.

सगळे इंग्रजीत असेल, तर जर्मन शिकायची गरज काय?

वर्गात गरज नाही. इंग्रजी माध्यमाचे मास्टर्स भरपूर आहेत. गरज वर्ग सुटल्यावर लागते. घरमालक, डॉक्टर, नगरपालिकेचे कार्यालय आणि मुख्य म्हणजे मध्यम आकाराच्या कंपन्यांतील मुलाखती जर्मनमध्ये होतात. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी १८ महिन्यांचा परवाना मिळतो, ही जर्मनीची मोठी जमेची बाजू आहे. पण बी-२ पातळीची, म्हणजे कामकाजात बऱ्यापैकी सफाईने बोलता येईल इतकी, भाषा नसेल तर तो काळ अर्ज पाठवण्यातच निघून जाऊ शकतो. या बाबतीत पुणेकर आणि मुंबईकर सुदैवी आहेत. माक्स म्युलर भवन दोन्ही शहरांत आहे आणि पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकलेल्यांच्या पिढ्या आहेत.

दोन वर्षे लागतात, त्याची किंमत कोण मोजतो?

माझ्या मते या सगळ्या चर्चेत सर्वांत दुर्लक्षित खर्च वेळेचा आहे. ब्रिटनमध्ये मास्टर्स एका वर्षात होते, पण फी अनेकदा २० हजार पौंडांच्या पुढे जाते. जर्मनीत फी नाही, पण अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे आणि प्रबंध, इंटर्नशिप, राहिलेले पेपर धरून पुष्कळांना अडीच-तीन वर्षे लागतात. वाढलेल्या प्रत्येक सत्रामागे सुमारे सहा हजार युरो राहण्याचा खर्च आणि सहा महिन्यांचा न मिळालेला पगार धरायला हवा. तीन वर्षे लागली तर राहण्याचाच खर्च ३५ लाखांवर जातो. कमाईतून त्यातला काही भाग वळता झाला तरी ही रक्कम ‘फुकट’ या शब्दात बसत नाही.

शिवाय आपल्याकडच्या एटीकेटीची सवय तिथे महागात पडते. एका पेपरासाठी साधारणपणे तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा नापास झाल्यास नाव काढून टाकले जाते आणि बहुधा तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही करता येत नाही. फी नसल्यामुळे कोणी मागे लागत नाही, हजेरी घेत नाही आणि घरी पत्रही पाठवत नाही.

जर्मनी नको असेल तर?

उत्तरेकडचे दरवाजे एकेक करून बंद झाले. डेन्मार्कने २००६, स्वीडनने २०११, फिनलंडने २०१७ आणि नॉर्वेने २०२३ मध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना फी लावली. ऑस्ट्रियात सत्राला ७२६.७२ युरो पडतात. फ्रान्सने २०१९ मध्ये वर्षाला पदवीसाठी २,७७० आणि मास्टर्ससाठी ३,७७० युरो असे वाढीव दर आणले, तरी काही विद्यापीठे त्यातून सूट देतात.

इटलीचा प्रकार मात्र आपल्याला सहज कळेल असा आहे, कारण तिथे तहसीलदाराच्या उत्पन्नाच्या दाखल्यासारखाच कागद चालतो. सरकारी विद्यापीठांची फी कुटुंबाच्या उत्पन्नावर आणि मालमत्तेवर ठरते, आणि उत्पन्न ठरावीक रेषेखाली असल्यास ती जवळजवळ शून्य होते. त्याच आधारावर प्रादेशिक शिष्यवृत्ती मिळू शकते, जिच्यात रोख रक्कम, जेवण आणि कधी वसतिगृहही असते. अट एवढीच की उत्पन्नाची, घराची आणि बँकेतील शिलकीची कागदपत्रे भाषांतर व प्रमाणीकरण करून मुदतीत पोचली पाहिजेत. शेतकरी आणि छोट्या नोकरदार कुटुंबांतील मुलांनी जर्मनीआधी हा पर्याय तपासावा असे मी सुचवेन, कारण तिथे कमी उत्पन्न हीच पात्रता ठरते.

कर्ज, शिष्यवृत्ती आणि तारखा

कर्ज काढून जर्मनीला जाणे ही मराठी घरांत नवी गोष्ट नाही. इरावती कर्वे १९२८ मध्ये मानववंशशास्त्राच्या संशोधनासाठी बर्लिनला गेल्या, त्या उसन्या पैशांवरच. आजच्या विद्यार्थ्यासाठी बँकेचे शैक्षणिक कर्ज ब्लॉक्ड अकाउंटमध्ये थेट भरता येते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्यात विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असल्याने फी नसलेले पण क्रमवारीत खाली असलेले विद्यापीठ निवडल्यास ती हुकते. प्रवेशानंतर जर्मनीत ‘डॉइचलँडश्टिपेंडियम’ नावाची महिन्याला ३०० युरोंची गुणवत्ता शिष्यवृत्ती आहे आणि तिला राष्ट्रीयत्वाची अट नाही.

हिवाळी सत्राच्या अर्जाची मुदत बऱ्याच ठिकाणी १५ जुलै असते, परंतु परदेशी विद्यार्थ्यांसाठीचे अनेक इंग्रजी अभ्यासक्रम त्याच्या कितीतरी आधी बंद होतात. एपीएसला काही आठवडे, व्हिसाच्या मुलाखतीला त्याहून अधिक काळ लागू शकतो, म्हणून तयारी आदल्या वर्षाच्या पावसाळ्यातच सुरू झालेली बरी. वसतिगृहासाठी अनेक शहरांत प्रवेशपत्र हाती येण्यापूर्वीच नाव नोंदवता येते. ऑक्टोबरात वर्ग सुरू होतात तेव्हा ज्यांनी हे केलेले नसते, ते दोन बॅगा घेऊन ओळखीच्यांच्या सोफ्यावर झोपतात आणि सकाळी खोली पाहायला गेले की त्याच जिन्यात आपल्यासारखेच आणखी वीस जण उभे असलेले दिसतात.